वाचक विचारतात : अ‍ॅप्रेंटिसशिप की ठेकेदाराचा पगार?

प्रश्न : मुलगा यंदा फिटर ट्रेडमध्ये आयटीआय पास झाला. जळगाव एमआयडीसीत ठेकेदार महिना बारा हजार देतोय. एक प्लास्टिक पाइपचा कारखाना अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतो म्हणतो, पण सातच हजार. काय करावं? — एक पालक, यावल

उत्तर : कारखान्यात स्वतःचा मेंटेनन्स विभाग असेल, तर सात हजार घ्या. ठेकेदाराकडे फिटरचा बहुतेक वेळा हेल्पर होतो आणि दिवस प्लास्टिकच्या दाण्यांच्या गोण्या वाहण्यात जातो.

आयटीआयत फाइलिंग (कानशीनं घासणं), ड्रिलिंग, व्हर्निअरनं बारीक मापं घेणं येतं. चालू लाइनवरची दुरुस्ती मात्र जाणत्या फिटरच्या हाताखालीच येते. साधं बेअरिंग घ्या, म्हणजे फिरत्या दांड्याला (शाफ्टला) आधार देणाऱ्या, मध्ये गोळ्या असलेल्या दोन रिंगा. नवखा मुलगा ते शाफ्टवर चढवताना बाहेरच्या रिंगवर हातोडा मारतो. तो मार गोळ्यांमधून आतल्या रिंगला बसतो, गोळ्या जिच्यावर फिरतात त्या धावेवर बारीक खड्डे पडतात आणि थोड्याच दिवसांत मोटर घरघरायला लागते. जाणता फिटर पाइपचा तुकडा आतल्या रिंगवर टेकवून ठोकतो, नाहीतर बिनसीलचं बेअरिंग हीटरवर 110 अंशांच्या आसपास तापवून नुसतं सरकवतो. गॅसच्या ज्योतीवर तो कधीच तापवत नाही, कारण पोलादाचा कडकपणा उतरतो. पुढे मोटर आणि मशीनचे शाफ्ट जोडणारं कपलिंग डायल गेजनं (बारीक फरक दाखवणाऱ्या घड्याळी मापकानं) जुळवायचं, तेही बोल्ट आवळल्यावर पुन्हा तपासून.

आता कागद. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली करार झाला पाहिजे आणि त्याची सरकारी अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंद झाली पाहिजे. नुसतं ‘ट्रेनी’ असं पत्र चालणार नाही. 2019 च्या नियमांत आयटीआय पास मुलाला किमान 7,000 रुपये ठरले. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा, म्हणजे या मानधनाचा, पाव हिस्सा, जास्तीत जास्त 1,500, सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं. म्हणजे पगाराच्या दिवशी कारखान्याकडून 5,500 आले तर घाबरू नका. पण खातं आधारशी जोडलेलं नसेल किंवा दोन्हीकडे नाव वेगळं असेल, तर सरकारचा हिस्सा अडकतो. हे आधीच उरकून घ्या.

कोणत्या महिन्यात कोणतं काम शिकवणार, ते लेखी मागा. रोजची डायरी सुपरवायझरच्या सहीनिशी ठेवायला सांगा. तीन महिने झाले तरी मुलगा पॅकिंगलाच असेल, तर आयटीआयतल्या अ‍ॅप्रेंटिसशिप विभागाकडे लेखी तक्रार द्या. शेवटची परीक्षा मात्र चुकवू नये. ती पास झाल्याशिवाय राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही आणि वर्षाचा नुसता अनुभवाचा दाखला हातात राहतो.

प्रश्न : भुसावळला रेल्वेत अ‍ॅप्रेंटिस केली की नोकरी पक्की ना? — एक वाचक, वरणगाव

उत्तर : नाही. करारात तशी अट नसेल, तर कायद्यानं कोणताच मालक नोकरी द्यायला बांधील नाही. लेव्हल-1, म्हणजे रेल्वेतल्या सर्वात खालच्या पदांच्या, भरतीत रेल्वे अ‍ॅप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना 20 टक्के जागा राखीव असतात, पण लेखी परीक्षा आणि मेडिकल त्यांनाही चुकत नाही. अभ्यास अ‍ॅप्रेंटिस चालू असतानाच सुरू करा.