कॅम नवा, पहिली वीस मिनिटं

प्रश्न : १९७२च्या शेव्हर्ले नोव्हाचं ३५० घनइंची व्ही-८ इंजिन पूर्ण खोलून बांधलं आहे. नेहमीपेक्षा जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ज्यावर सपाट तळाचे टॅपेट टेकतात) घातलाय, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दुहेरी आहेत. कॅमसोबतच्या कागदावर लिहिलंय, की इंजिन सुरू होताच २००० आरपीएमच्या वर नेऊन वीस मिनिटं ठेवा. नव्या इंजिनाला रेस देऊ नये असं आजवर ऐकलंय. खरं काय मानायचं? – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : कागदाचं खरं. या इंजिनात कॅमच्या लोबांना, म्हणजे टॅपेट उचलणाऱ्या उंचवट्यांना, तेलाची वेगळी वाट नाही. क्रँक फिरताना जे तेल उडतं त्यावरच लोब भिजतात, आणि ६००-७०० आरपीएमच्या आयडलिंगला ते फारच थोडं उडतं. शिवाय वेग कमी असताना लोबच्या टोकावर स्प्रिंगचा सगळा जोर येतो. वेग वाढला की व्हॉल्व्ह-टॅपेटच्या जडत्वामुळे टोकावरचा भार कमी होतो. म्हणजे नव्या कॅमला सगळ्यात घातक काय, तर शांत आयडलिंग.

टॅपेटचा तळ दिसायला सपाट असला तरी मध्ये दोनेक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) फुगीर असतो आणि लोबला किंचित उतार असतो. त्यामुळे दोघांची गाठ मध्यापासून जरा बाजूला पडते आणि टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. तो फिरायचा थांबला की एकच रेघ घासत राहते आणि काही मिनिटांत लोब गोल होतो. म्हणून नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही बसवू नयेत, कितीही चकचकीत दिसले तरी. त्यांचा फुगीरपणा आधीच झिजलेला असतो. सोळाही टॅपेट आपापल्या भोकात बोटाने सहज फिरायला हवेत. मॉलिब्डेनमची काळी पेस्ट फक्त लोबांवर आणि टॅपेटच्या तळाला लावायची. बाजूंना साधं इंजिन ऑइल पुरे, तिथे पेस्ट लावली तर टॅपेट अडखळतो.

दुहेरी स्प्रिंगांमधल्या आतल्या स्प्रिंगा या वीस मिनिटांपुरत्या काढून ठेवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरचा दाब ३०० पौंडांच्या वर जात असेल तर हे टाळूच नका. नंतर त्या बसवायला हेड उतरवावं लागत नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली की व्हॉल्व्ह वर टेकून राहतो.

आता खरी गोम. अनेक कॅम बिघडतात ते या वीस मिनिटांत नव्हे, तर त्याआधीच्या अर्ध्या तासात, ‘सेल्फ’ मारत बसल्यामुळे. प्रत्येक फेऱ्यात पेस्ट पुसली जाते आणि तेल मात्र पोहोचत नाही. म्हणून किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं पाहिजे, अशी तयारी करा.

डिस्ट्रिब्युटर काढून ऑइल पंप ड्रिलने घड्याळाच्या दिशेने फिरवा. यासाठी गिअर काढलेला जुना डिस्ट्रिब्युटर उत्तम, कारण त्याची बॉडी तिथली तेलाची वाट बंद ठेवते. नुसता दांडा घातला तर तेल तिथूनच गळतं आणि उजव्या बाजूचे टॅपेट कोरडे राहतात. ड्रिल चालू असताना दुसऱ्याने क्रँक मधूनमधून पाव फेरा फिरवावा. सोळाही रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातांवर) तेल आलं की थांबा. हायड्रॉलिक टॅपेटची ढिलाई शून्य करून रॉकरचा नट वर अर्धा आटा कसा. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनला आणून क्रँक पुलीवरची खूण टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेच्या) आधी सुमारे १२ अंशांवर ठेवा आणि डिस्ट्रिब्युटर परत घालून रोटर पहिल्या वायरीकडे तोंड करून बसवा. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, वायरी एकदा दुसऱ्या माणसाकडूनही तपासून घ्या. कार्ब्युरेटरचा फ्लोट बाउल पेट्रोलने भरा, रेडिएटर भरून हवा काढा आणि समोर एक मोठा पंखा लावा.

सुरू होताच २०००ला न्या आणि ऑइल प्रेशरचा काटा पाहा. मग २००० ते ३००० दरम्यान सावकाश वरखाली करत राहा. एका आकड्यावर पाय रोवू नका, वेग बदलला की तेल वेगवेगळ्या कोनांतून उडतं. एक्झॉस्टचे पाइप लाल व्हायला लागले तर टायमिंग मागे आहे, ते तिथल्या तिथे पुढे घ्या. कुठे गळती दिसली किंवा पाणी तापलं तर सरळ इंजिन बंद करा, आयडलिंगला सोडून बॉनेटखाली डोकावू नका. दुरुस्ती झाली की पुन्हा थेट २०००, आणि उरलेली मिनिटं पूर्ण करा.

पिस्टनच्या रिंगांचं म्हणाल, तर नीट बसायला त्यांना लोड लागतो. कॅमचं काम आटोपून तेल आणि फिल्टर बदलल्यावर रस्त्यावर ३० ते ५० मैलांच्या वेगात आठ-दहा वेळा जोरात चढवा आणि गिअरमध्येच उतरू द्या.

प्रश्न : ब्रेक-इननंतर (त्या पहिल्या वीस मिनिटांनंतर) काढलेलं तेल करडं निघालं. एका सिलिंडरच्या रॉकरचा टकटक आवाज येतो. ॲडजस्ट केला की जातो, थोड्या वेळाने परत येतो. – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : करडा रंग पेस्टचा असतो, त्याची चिंता नको. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. चुंबकाला चिकटणारी चमचमती कचकच दिसली तर ती चिंतेची. परत परत ढिला होणारा रॉकर हे लोब जात असल्याचं लक्षण आहे. डायल गेज पुशरॉडच्या (टॅपेट आणि रॉकरमधल्या काठीच्या) टोकावर लावून लिफ्ट मोजा आणि तशाच दुसऱ्या व्हॉल्व्हशी पडताळा. कॅमच्या कार्डावर लोबची लिफ्ट ०.३०० इंच असेल आणि इथे ०.२४० भरली, तर विषय संपला. एक्झॉस्टचा लोब गेला असेल तर कार्ब्युरेटरमधूनही फटफट ऐकू येईल, कारण जळलेल्या वायूला बाहेर पडायची वाट उरत नाही. अशा वेळी नुसता कॅम बदलून भागत नाही. झिजलेलं पोलाद तेलातून बेअरिंगांपर्यंत गेलेलं असतं, म्हणून इंजिन पूर्ण खोलून धुवावंच लागतं.

प्रश्न : जुन्या अँबॅसॅडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात नवा कॅम आणि टॅपेट घातलेत. तेल कोणतं घालावं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हेही फ्लॅट टॅपेटच, त्यामुळे वीस मिनिटांचा नियम तोच. लोबला वाचवतं ते तेलातलं झेडडीडीपी, म्हणजे जस्त-फॉस्फरसचं संयुग. फॉस्फरसमुळे एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून २००४च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम दर्जापासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलांत तो ०.०८ टक्क्यांवर रोखला आहे. २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा नाही, तरी डब्यावर विसंबू नका. कंपनीच्या माहितीपत्रकात फॉस्फरस ०.१ ते ०.१२ टक्के आहे का ते पाहा. खास ब्रेक-इनचं तेल मिळालं तर प्रश्नच मिटला. चांगल्या तेलात वरून झिंकची बाटली ओतू नका, अती तिथे माती.

या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून पंप फिरवता येत नाही. बांधतानाच पंप तेलाने भरून घ्या, आणि ऑइल प्रेशर गेजच्या जोडातून फवारणीच्या स्वच्छ पंपाने तेल दाबून रॉकरपर्यंत चढवा. एक सोय मात्र शेव्हर्लेत नाही ती इथे आहे. ब्लॉकच्या बाजूची झाकणं काढली की टॅपेट समोर दिसतात. त्यांवर मार्करने खूण करा, प्लग काढून क्रँक हाताने दोन-तीन फेरे फिरवा आणि प्रत्येक खूण सरकली का ते बघा. एखादी जागची हलली नाही, तर तो टॅपेट आत्ताच बाहेर काढा.