माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो

मी समुपदेशक आहे. मे महिन्याची सुट्टी संपली की एक वाक्य माझ्याकडे हमखास येतं. "मुलांनी हौसेनं युरोपला नेलं, पण माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला. आता मी कुठे जायची नाही." शहर कधी पॅरिस, कधी रोम. ही हकीगत लंडनची. ताईंची परवानगी घेऊन आणि ओळखीचे तपशील बदलून सांगते.

ताई 69 वर्षांच्या, बँकेतून निवृत्त. पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगताना रडल्या. सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटाच्या टोकापर्यंत 528 पायऱ्या. सून आणि नातू वर गेले, त्या खाली बसून राहिल्या. आणि ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, एक मुलगी त्यांना बघून उठली. "मी नको म्हटलं. गुडघा ठणकत होता, तरी दांडा धरून सहा स्टेशनं उभी राहिले. मी तशी दिसते का हो आता?" परत आल्यापासून भिशी, भजनी मंडळ सगळं बंद.

अशा वेळी 'वय म्हणजे नुसता आकडा' असं मी कधीच म्हणत नाही. दुखणारा गुडघा खरा असतो. आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "तिथे एकट्या कुठे गेला होतात का?"

"एकदा. नॅशनल गॅलरीत. तिकीट नाही, बसायला बाकं आहेत." डच चित्रकार रेम्ब्रांटनं काढलेली स्वतःची दोन चित्रं त्यांनी पाहिली होती. एक 34व्या वर्षाचं, दुसरं 63व्या वर्षाचं, 1669 मधलं. त्याच वर्षी तो गेला. "पहिल्यात हात टेकवून कसा ऐटीत! दुसऱ्यात डोळ्यांखालची कातडी लोंबलेली, हात नुसते एकमेकांत. काही लपवलं नाही हो त्यानं."

"किती वेळ होतात?"

"तासभर तरी. एकदा याच्यापाशी, एकदा त्याच्यापाशी."

"तेव्हा कुणाचा खोळंबा झाला?"

त्या गप्प झाल्या. मी कागदावर त्यांचंच वाक्य लिहिलं: 'मला सगळ्यांच्या बरोबरीनं चालता आलंच पाहिजे.' म्हटलं, "यातलं एक अक्षर खोडा." बराच वेळ पेन नुसतंच फिरत राहिलं. मग त्यांनी 'च'वर रेघ मारली. आणि मी सांगितलं नसतानाही त्यांनीच 'पाहिजे' खोडून 'तर आवडेल' लिहिलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझं काम उभं आहे. इच्छेचा हट्ट झाला की त्रास होतो, हे तिचं सार. पायऱ्या चढता आल्या नाहीत याचं वाईट वाटणारच. पण त्यावरून स्वतःला लोढणं ठरवायचं काम त्या 'च'नं केलं होतं. एलिस एका मराठी अक्षरात मावतात, हे मला त्या दिवशी उमगलं. तसा कागद मी आता प्रत्येकाला देते.

तुम्हीही अशा सहलीला जाणार असाल, तर निघण्याआधी घरात बोला. 'मला दिवसाला एकच ठिकाण पुरे' हे इथे सांगितलं तर तो बेत होतो. तिथे दमल्यावर सांगितलं की तक्रार वाटते. ट्यूबच्या नकाशात बिनपायऱ्यांच्या स्टेशनांवर चाकाच्या खुर्चीची खूण असते, ती बघून ठेवा. कव्हेंट गार्डन स्टेशनला लिफ्ट सोडून जिना धरलात तर 193 पायऱ्या! "तुम्ही वर जा, चार वाजता इथे भेटू," असं खुशाल म्हणा, आणि तो वेळ आपला म्हणून वापरा. मुलांनीही 'आई, तू बस इथे' असं परस्पर ठरवू नये, विचारावं. कुणी जागा दिली तर बसा.

सहाव्या भेटीला ताई लोकलनं आल्या. "कॉलेजातली एक मुलगी उठली. बसले मी." मग म्हणाल्या, "आणि तिची सॅक मांडीवर घेतली."