आजीपर्यंत न पोचलेली पुदिन्याची वाटी

प्रिय सई,

रविवारी तुझ्या मैत्रिणीकडून परत येताना तू गाडीत विचारलंस, "बाबा, आजी तिथे एवढंसंच का जेवली? आणि इंग्लिश जेवण खरंच मिळमिळीत असतं का?" आजी शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. पण तेव्हापासून तुझा प्रश्न मनात घोळतोय. सावकाश लिहितो, तूही सावकाश वाच. जोडाक्षरं अडली तर आईला विचार.

ते टेबल डोळ्यासमोर आण. मध्ये मटणाचा रोस्ट, भोवती भाजलेले बटाटे, गाजरं, वाटाणे, चीज घातलेला फ्लॉवर आणि वाटीसारखी फुगलेली यॉर्कशर पुडिंगं, म्हणजे मैदा, अंडं आणि दुधाची भाजलेली, गोड नसलेली. पलीकडच्या टोकाला, मटणाला खेटून, काचेची एक लहान वाटी होती. तो मिंट सॉस. बारीक चिरलेला पुदिना, व्हिनेगर, साखर, चिमूटभर मीठ. आजी घरी पुदिन्याची चटणी करते, तिचीच ही बहीण. बटाट्यावर चमचाभर घातला असता तर आजीने बटाटे मागून घेतले असते. पण वाटी मटणाशेजारी होती, तेव्हा ती शाकाहारी माणसासाठी नाही असं तिला वाटलं. आणि कुणी तिला ती वाढलीही नाही.

वाढली नाही, हेच खरं कारण. आपल्याकडे पाहुण्याने हात लांबवून स्वतः घेणं बरं दिसत नाही. यजमान पुन्हा पुन्हा येतो, पाहुणा "नको, पुरे" म्हणतो, यजमान "अहो, एवढं तर घ्याच" म्हणतो. पहिल्या "नको"चा अर्थ नको असा नसतोच. तुझ्या मैत्रिणीच्या ग्रँडमाने आजीला विचारलं, "आणखी बटाटे?" आजी म्हणाली, "नो, थँक्यू." भांडं पुढे गेलं. इथे पाहुण्याच्या "नको"चा मान ठेवतात, बळेच वाढणं त्यांना उद्धटपणा वाटतो. दोघीही आपापल्या घरच्या रीतीने अगदी चोख वागल्या, आणि माझी आई अर्धपोटी उठली. मी समोर बसलो होतो. ती वाटी मी सरकवायला हवी होती, याची मला अजून रुखरुख आहे.

आता चवीचं. आपलं ताट आठव. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. मधल्या वरणभातात असतं काय? तुरीची डाळ, हळद, हिंग, मीठ, गुळाचा खडा, वर तूप. नवख्या माणसाला नुसता दिला तर तो सपकच म्हणेल. आपण लिंबू पिळतो, मध्येच लोणच्याची फोड चाखतो, आणि मग तो वरणभात लागतो. रोस्टलाही अशी डावी बाजू असते: मटणाबरोबर मिंट सॉस, बीफबरोबर हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळाचा सॉस, हॅमबरोबर नाकात जाणारी इंग्लिश मोहरी. ती बाजूला ठेवून नुसते बटाटे खाल्ले की मिळमिळीतच लागणार. आणि यॉर्कशर पुडिंग? इकडे पूर्वी ते ग्रेव्हीबरोबर सगळ्यात आधी वाढत. पोट थोडं भरलं की महागाचं मटण सगळ्यांना पुरे. आपला पहिला भातही पोटाला असाच आधार देतो.

तरी इंग्रजांचं जेवण बेचव असं जगभर म्हणतात, आणि ते अगदीच निराधार नाही. कोबी राखाडी होईपर्यंत उकडलेला मी इथल्या कँटीनमध्ये खाल्लाय, तो वाईटच होता. पण या देशाचं काय झालं तेही बघ. 1851च्या जनगणनेतच इथली निम्म्याहून जास्त माणसं शहरात राहत होती. शेत, परसबाग, ताजी भाजी इतक्या लवकर सुटली. मग महायुद्ध आलं. जानेवारी 1940 मध्ये लोणी, साखर, बेकन यांचं रेशनिंग सुरू झालं, आणि मटणावरचं शेवटचं बंधन उठलं ते जुलै 1954 मध्ये. चौदा वर्षं! त्या काळात आईच्या हाताखाली शिकलेल्या मुली अंड्याच्या भुकटीवर स्वयंपाक शिकल्या. घरातली चव अशी तुटली की परत जुळायला फार वेळ लागतो.

मसाले त्यांना ठाऊक नव्हते असंही नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस राजा दुसऱ्या रिचर्डचे आचारी आलं, दालचिनी, लवंग, केशर सढळ हाताने वापरत. पुढे आवड बदलली, तिखटमिठाच्या जेवणातून मसाले बरेचसे गेले आणि गोडात राहिले. ख्रिसमस केकमध्ये लवंग-जायफळाचा वास येतो ना, तोच. आणि आपली मिरची? ती अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी.

आपल्या घरातलंच सांगतो. तुझी आई कोल्हापूरची. लग्नानंतर चिपळूणला आजीने पहिल्यांदा आमटी वाढली, ओल्या नारळाची, कोकम आणि गूळ घातलेली. तुझ्या आईने ती मुकाट्याने संपवली आणि रात्री मला विचारलं, "तुमच्याकडे रोज गोडच असतं का?" दुसऱ्या वर्षी ती माहेरून कांदा-लसूण मसाल्याची बरणी घेऊन आली. आज ती बरणी आणि कोकमं आपल्या फडताळात शेजारी शेजारी आहेत, आणि तुला दोन्ही लागतात.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. शेवटी रुबार्ब क्रंबल आलं, म्हणजे रुबार्बच्या आंबट देठांवर भुरभुरीत पिठाचा थर देऊन भाजलेलं गोड, ते आजीने दोनदा घेतलं, तेही स्वतःहून. मला हळूच म्हणाली, "अरे, हा तर चुक्यासारखा आंबट." बरोबर ओळखलं तिने. आपला आंबटचुका आणि रुबार्ब एकाच कुळातले. आता तिला त्याची आमटी करायची आहे. फक्त देठंच घ्यायची, पानं विषारी असतात, हे मी तिला सांगितलंय. तूही लक्ष ठेव, कारण चुक्याची पानंच खायची तिची सवय आहे.

येत्या रविवारी आजीने तुझ्या मैत्रिणीला आणि ग्रँडमाला जेवायला बोलावलंय. त्यांना आधीच सांगून ठेव, आजी तीनदा तरी आग्रह करणार. खरंच पोट भरलं असेल तर "नो, थँक्यू" पुरणार नाही. पानावर हात आडवा धरायचा.

तुझा,
बाबा