साथीचे नियम आणि छोटं दुकान: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: माझं छोटं सलून आहे. कोविडच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाइकामागे खुर्ची, काउंटर, दाराची मूठ पुसण्यात निम्मा दिवस जायचा. पुन्हा तशी साथ आली तर हे सगळं परत करायचं का?

उत्तर: हात धुणं आणि अवजारं निर्जंतुक करणं सोडू नका, ते एरवीही हवंच. पण कोविड मुख्यतः हवेतून पसरला. विषाणू असलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. तोवर तुमच्यासारख्यांनी पुसून पुसून हात सोलून घेतले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

लक्ष हवेकडे द्या. एक्झॉस्ट फॅन लावा, समोरची खिडकी थोडी उघडा आणि फटीपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. पट्टी आत ओढली गेली तर बाहेरची हवा येतेय. सरळ लोंबकळत राहिली तर पंखा नुसताच फिरतोय. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, खोलीतलीच गार करून फिरवतो. तो चालू असतानाही खिडकी किलकिली ठेवा. कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर मिळाला तर उत्तम. बाहेर साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतं. दुकानात ८०० च्या वर जाऊ लागलं की हवा कमी पडतेय.

प्रश्न: निर्बंध नसते तर आमचा धंदा बुडाला नसता. बरोबर ना?

उत्तर: अर्धंच बरोबर. शिकागो विद्यापीठाचे ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हर्सन यांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या दुकानांची वर्दळ तपासली. नियम वेगवेगळे असलेल्या शेजारशेजारच्या भागांची त्यांनी तुलना केली. वर्दळ सुमारे ६० टक्क्यांनी घटली होती. त्या ६० पैकी जेमतेम ७ टक्के सरकारी आदेशांमुळे. बाकीचे लोक भीतीने आपणहून घरी बसले. आलेले लोकही गर्दीच्या मोठ्या दुकानांकडून लहान, मोकळ्या दुकानांकडे वळले. म्हणजे विश्वास वाटेल असं दुकान ही तुमची खरी ताकद आहे.

तुमचा राग मात्र एका बाबतीत रास्त आहे. कपड्यांचं छोटं दुकान बंद आणि किराणा विकतो म्हणून उघड्या राहिलेल्या सुपरमार्केटमध्ये तेच कपडे विक्रीला, हा उघड अन्याय होता. त्याविरुद्ध व्यापारी संघटनांनी बोललंच पाहिजे.

प्रश्न: दारात ताप मोजायची गन ठेवू का?

उत्तर: नको. कोविडमध्ये लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस लागण देऊ शकतो. ते पैसे पंख्याला लावा.

प्रश्न: दोनच कामगार आहेत. खोकला असला तरी पगार कापला जाईल म्हणून येतात. भरपगारी रजा मला परवडत नाही.

उत्तर: हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि त्याचा भार एकट्या तुमच्यावर पडू नये असं माझं ठाम मत आहे. जर्मनीत विलगीकरणाच्या आदेशामुळे घरी बसलेल्या कामगाराचा पगार मालक सहा आठवड्यांपर्यंत देतो आणि सरकारकडून परत मागतो. अशी सोय होईपर्यंत निदान पहिल्या दोन-तीन दिवसांचा पगार कापू नका, आणि हे साथ येण्याआधीच त्यांना स्पष्ट सांगा. नाहीतर ते खोकला लपवतील, आणि मग तुम्ही तिघंही एकदम आजारी पडाल.