घरी बनवलेल्या थ्री फेज जनरेटरच्या कॉईल जोडणीबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : नऊ कॉईल वाइंड करून झाल्या, दोन्ही रोटरवर (फिरणाऱ्या तबकड्यांवर) प्रत्येकी 12 मॅग्नेट बसवलेत. आता अठरा वायरी लोंबतायत, कुठली कुठे जोडू?

आधी जोडूच नका. आधी त्या अठरा टोकांना नावं द्या. प्रत्येक कॉईलचं एक टोक आतल्या बाजूने निघतं, म्हणजे जिथून गुंडाळायला सुरुवात केली ते, आणि दुसरं बाहेरच्या वेढ्यातून. आतल्या सगळ्या टोकांवर पांढरी स्लीव्ह, बाहेरच्यांवर लाल, आणि कॉईलवर मार्करने 1 ते 9 नंबर. आणखी एक, नऊच्या नऊ कॉईल एकाच दिशेने गुंडाळलेल्या आणि एकाच बाजूने वर तोंड करून ठेवलेल्या हव्यात. एखादी पालथी पडली तर तिची सुरुवात म्हणजे शेवट होऊन बसतो आणि दिसायला काहीच फरक दिसत नाही, हे लक्षात ठेवा, खाली परत येणारे यावर.

आता जोडणी. मॅग्नेट 30 अंशांवर आहेत आणि कॉईल 40 अंशांवर. 1 नंबरच्या डोक्यावर नॉर्थ आला की 4 नंबर तिथून 120 अंश पुढे, म्हणजे तिथून बरोबर चौथा मॅग्नेट, आणि नॉर्थ-साउथ आलटून पालटून असतात, म्हणजे तिथेही नॉर्थच. 7 नंबरचंही तेच. तिघींना एकाच वेळी एकच गोष्ट दिसते म्हणून 1-4-7 हा एक फेज (एकाच वेळी वरखाली होणाऱ्या व्होल्टेजचा गट), 2-5-8 दुसरा, 3-6-9 तिसरा. सिरीजमध्ये जोडायचं म्हणजे 1 चं लाल 4 च्या पांढऱ्याला, 4 चं लाल 7 च्या पांढऱ्याला. तसंच बाकीच्या दोन्ही फेजचं. शेवटी तीन पांढरी आणि तीन लाल उरतात. स्टार जोडणीसाठी तिन्ही पांढरी एकत्र बांधा (हाच न्यूट्रलचा जोड), तिन्ही लाल बाहेर काढा. लालचा गठ्ठा करून पांढरी बाहेर काढलीत तरी चालतं, फक्त मिसळू नका.

प्रश्न : मी 12 मॅग्नेट आणि 12 कॉईल घेतल्या, समसमान म्हणून. थ्री फेज मिळेल ना?

नाही मिळणार. सगळ्या कॉईल एकाच क्षणी मॅग्नेटसमोर येतात आणि एकाच क्षणी मधल्या फटीत, त्यामुळे होतो तो सिंगल फेज, तोही एक सोडून एक कॉईल उलटी जोडली तरच, नाहीतर एकमेकींचं व्होल्टेज खाऊन मीटरवर शून्य. शिवाय लोड दिला की सगळं मशीन थरथरतं. कॉईल आणि मॅग्नेटचं सोपं प्रमाण 3 ला 4. म्हणजे 6 ला 8, 9 ला 12. तुम्ही मॅग्नेट ठेवा, तीन कॉईल कमी करा आणि जागा नव्याने आखा.

प्रश्न : स्टार की डेल्टा? एकजण म्हणतो डेल्टात करंट जास्त मिळतो.

डेल्टा म्हणजे एका फेजचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीला जोडून केलेला त्रिकोण. त्यात करंट जास्त मिळतो हे खरं, पण बॅटरी चार्ज व्हायलाच सुरुवात झाली नाही तर त्या करंटचं करणार काय. समजा 150 आरपीएमला एका कॉईलवर 2 व्होल्ट एसी येतात, तीन सिरीजमध्ये म्हणजे फेजला 6. स्टारमध्ये दोन लाईनमध्ये 6 गुणिले 1.732, म्हणजे साधारण 10.4. त्याचा पीक (लाटेचं सर्वात वरचं टोक) 14.7, रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) दोन डायोडांनी 1.4 खाल्ले तरी 13.3 उरतात, 12 व्होल्टची बॅटरी घ्यायला लागते. डेल्टात त्याच स्पीडला हातात 7 व्होल्ट. 13.3 ला पोचायला 260 आरपीएम लागेल. मंद वाऱ्यावर चालणारं असेल तर माझं मत स्टारच.

आणि डेल्टात एक कायमची कटकट, तिन्ही फेज मिळून एक बंद लूप होतो, कॉईल थोड्या जरी कमीजास्त असल्या तरी आतल्या आत करंट फिरत राहतो, बाहेर काही न जोडता कॉईल गरम. करायचाच असेल तर शेवटचा कोपरा उघडा ठेवून त्या दोन टोकांवर मीटर लावा आणि फिरवा. जवळपास शून्य आलं तर जोडा. फेज व्होल्टेजच्या दुप्पट आलं तर एक फेज उलटा आहे, तसाच जोडला तर वाइंडिंग जळेल.

प्रश्न : कॉईलवर रेझिन (नंतर घट्ट होणारा द्रव) ओतून झालं, तीन वायरी बाहेर आहेत, पण तिन्ही जोड्यांत व्होल्टेज सारखं येत नाही.

अरे देवा. माझंही एकदा झालंय, म्हणूनच वर एवढं रडलो. त्या दिवशी घाईत 5 नंबरची कॉईल पालथी ठेवली होती आणि रेझिन घट्ट झाल्यावर कळलं.

आकडे बघूनच कळतं काय चुकलंय. फेज 6 व्होल्टचा धरला तर तिन्ही जोड्यांत 10.4 हवेत. दोन जोड्यांत 6 आणि एकीत 10.4 आले तर अख्खा फेज उलटा. दोन जोड्यांत 7.2 आणि एकीत 10.4 आले तर एका फेजमधली एकच कॉईल उलटी, कारण दोघींनी मिळवलेलं तिसरी कापते आणि फेज 6 ऐवजी 2 व्होल्टवर येतो. दोन्ही वेळा ज्या जोडीत पूर्ण 10.4 आले ते दोन फेज बरोबर, राहिलेला तिसरा तुमचा चोर. अख्खा फेज उलटा असेल आणि न्यूट्रलचा जोड बाहेर असेल तर पाच मिनिटांचं काम. एक कॉईल असेल तर मात्र ग्राइंडर हातात घ्यावा लागेल.

प्रश्न : मीटरवर कंटिन्युइटी बीप येते, म्हणजे कॉईल ठीक ना?

बीप एवढंच सांगते की तार तुटलेली नाही. आतले दहा वेढे शॉर्ट असले तरी बीप येणारच. सोल्डर करताना तारेवरचं इनॅमल (रोधक लेप) नीट खरवडलं नसेल तर उलट होतं, जोड दिसायला छान चकचकीत आणि आत करंट जातच नाही. रेझिनच्या आधी प्रत्येक कॉईल एकाच स्पीडला फिरवून एसी व्होल्टेज लिहून घ्या, नऊ आकडे एका ओळीत. 2.0, 2.0, 1.9, 2.0 आणि मध्येच 1.5 दिसलं तर ती कॉईल बाजूला काढा.

प्रश्न : काहीच जोडलेलं नाही तरी शाफ्ट हाताने जड फिरतो.

तिन्ही टर्मिनल मोकळी असताना शाफ्ट सहज फिरायला पाहिजे. बेअरिंग ठीक असेल आणि मॅग्नेट स्टेटरला (कॉईलच्या स्थिर चकतीला) घासत नसेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. मोकळा कसा आणि शॉर्ट कसा हे चांगल्या मशीनवर एकदा हाताने अनुभवून ठेवा : दोन टर्मिनल शॉर्ट केली की शाफ्ट हिसके देत फिरतो, तिन्ही शॉर्ट केली की घट्ट मधात फिरवल्यासारखा एकसारखा जड. मला तर मीटरपेक्षा या हिसक्यांवरच जास्त भरवसा आहे.