टरफलांचा चुना ठीक आहे, आधी तेल मोजा

भाजलेल्या अंड्याच्या टरफलांचा चुना उत्प्रेरक (अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ) म्हणून वापरून तुम्ही प्रोजेक्टसाठी तेल आणि मिथेनॉलपासून बायोडिझेल बनवताय. सोयाबीनच्या ताज्या तेलातून सोबत तयार होणारं ग्लिसरीन नीट खाली बसलं आणि कोथरूडच्या वडापावच्या गाडीवरून आणलेल्या तेलाचा मात्र लगदा झाला, म्हणून तुम्ही चुन्याला दोष देताय. माझ्या मते चुना निर्दोष आहे. तो लगदा म्हणजे कॅल्शियमचा साबण. तेल पुन्हा पुन्हा तापलं, त्यात बटाट्याचं पाणी उतरलं की फॅटी ॲसिड्स (तेलाच्या रेणूंमधली आम्लं) सुटी होतात, आणि चुना आधी त्यांनाच धरतो.

म्हणून पहिलं काम ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे १ ग्रॅम तेलातली सुटी ॲसिड्स शमवायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं ते मोजणं. १ ग्रॅम तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा, फिनॉल्फथॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. १ मिलि लागलं तर ॲसिड व्हॅल्यू ५.६, म्हणजे सुटी ॲसिड्स जवळपास २.८ टक्के. चुना वापरायचा तर हा आकडा १ टक्क्याच्या आत हवा. तेल न घातलेलं कोरं अल्कोहोलही असंच मोजून (टायट्रेट करून) तेवढं वजा करायला विसरू नका.

आकडा जास्त आला तर काम दोन टप्प्यांत करा. तेल गाळून ११० अंशांवर पाणी उडवा, मग अँबरलिस्ट-१५ सारखं घन आम्ल आणि मिथेनॉल घालून ॲसिड्सचं एस्टर (बायोडिझेल ज्याचं बनतं तेच संयुग) करून घ्या. यात पाणी तयार होतं, ते काढल्याशिवाय चुन्याकडे वळू नका. मग १०० ग्रॅम तेलाला साधारण ५५ मिलि मिथेनॉल (मोलमध्ये मिथेनॉल आणि तेल १२:१), तेलाच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना, ६० अंश, रिफ्लक्स (वाफ थंड करून परत भांड्यात सोडणं). मिथेनॉल ६५ अंशांच्या आतच उकळतं, वाफ विषारी आणि ज्वालाग्राही. फ्यूम हूडशिवाय (वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटाशिवाय) हात लावू नका. टरफलं ९०० अंशांवर भाजून लगेच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, उघड्यावर ती हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून निकामी होतात.

एकाच टप्प्यात दोन्ही कामं करणारे उत्प्रेरकही आहेत. आपल्या पाषाणच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) संशोधकांनी लोह-जस्ताच्या दुहेरी सायनाइड या घन उत्प्रेरकावर २००६ मध्ये केलेलं काम जरूर वाचा. पाणी आणि सुटी ॲसिड्स असूनही तो चालतो.

आणि प्रोजेक्टमध्ये ‘पुन्हा वापरता येतो’ असं लिहिण्याआधी एक चाचणी कराच. अभिक्रिया अर्ध्यावर असताना चुना गरम गरमच गाळून टाका आणि द्रव तसाच ढवळत ठेवा. रूपांतर पुढे चालूच राहिलं, तर विरघळलेलं कॅल्शियम काम करतंय. ते बायोडिझेलमध्ये उतरतं, आणि युरोपीय मानकात कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून किलोला ५ मिलिग्रॅमच चालतं.