साबळे यांच्या यशाचा क्रम आणि आपला मुलगा

सप्रेम नमस्कार.

अहिल्यानगर जिल्ह्यातून आपण पाठवलेले सविस्तर पत्र मिळाले. आपला मुलगा दहावीत आहे, जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत तो 1500 मीटरमध्ये दुसरा आला, आणि धावपटू अविनाश साबळे यांच्यासारखा स्टीपलचेसमधील (अडथळे आणि पाण्याच्या उड्या असलेल्या लांब शर्यतीतील) विजेता त्याला करायचे आपण ठरवले आहे. त्यासाठी दहावीनंतर शाळा थांबवून आणि घरच्या दोन म्हशी विकून त्याला पुण्यातील एका खासगी अकादमीत ठेवावे का, असे आपण विचारता. शाळा थांबवू नये आणि म्हशी विकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला खरी चिंता वाटली ती पत्रातील दोन वाक्यांची. ‘तीन महिन्यांपासून त्याची नडगी दुखते, पण मी सराव थांबू दिलेला नाही’ हे पहिले, आणि ‘ज्या दिवशी वेळ बिघडते त्या दिवशी मी त्याच्याशी बोलत नाही’ हे दुसरे. पंधराव्या वर्षी हाडे अजून वाढत असतात. रोज डांबरी रस्त्यावर पंधरा किलोमीटर पळणाऱ्या मुलाची नडगी इतके दिवस दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेला असण्याची शक्यता तपासलीच पाहिजे. याच आठवड्यात त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या आणि ते सांगेपर्यंत पळणे पूर्ण बंद ठेवा. दुसऱ्या वाक्याबद्दल मला अधिक कठोर बोलावे लागेल. वेळ बिघडली की वडील अबोला धरतात हे ज्या मुलाला ठाऊक आहे, तो आपले दुखणे लपवायला शिकतो. आपल्या मुलाने ते किती दिवस लपवले आणि आपल्याला किती उशिरा कळले, हे त्याला जवळ बसवून विचारा. संपूर्ण पत्रात त्याला स्वतःला काय हवे आहे, याविषयी एक ओळही नाही. त्याला पळायला आवडते की आपली नाराजी टाळायची असते, हे समजल्याशिवाय कोणतीही अकादमी निवडण्यात अर्थ नाही.

आता साबळे यांच्याविषयी. लहानपणी सहा किलोमीटरवरील शाळेत पळत जाणारा मुलगा त्याच बळावर विजेता झाला, अशी समजूत आपल्या भागात घट्ट रुजली आहे आणि आपले सगळे नियोजन तिच्यावरच उभे आहे. प्रत्यक्षात आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या साबळे यांनी बारावीपर्यंत शिक्षण घेतले, मग ते सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि सियाचिन, राजस्थान, सिक्कीम येथे त्यांनी नोकरी केली. सैन्यांतर्गत क्रॉस कंट्री (मोकळ्या मैदान-रानातून पळण्याच्या) शर्यतींत ते 2015 मध्ये उतरले, तर स्टीपलचेसकडे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली 2017 मध्ये वळले. तेव्हा त्यांनी वयाची बावीस वर्षे ओलांडली होती. पुढच्याच वर्षी भुवनेश्वरला त्यांनी गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटे 11.20 सेकंद अशी वेळ देऊन त्यांनी रौप्यपदक मिळवले, तेथे केनियाच्या सुवर्णविजेत्यापेक्षा ते फक्त 0.05 सेकंदाने मागे होते. 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी, हे सर्व त्यानंतरचे. म्हणजे पगार, पोटभर आहार, डॉक्टर आणि प्रशिक्षक यांची सोय आधी झाली आणि विक्रम नंतर आले. आपण हा क्रम उलटा लावत आहात, आणि त्याचा भार एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या पायांवर पडतो आहे.

ही सोय किती मोलाची असते, ते 2025 मध्ये दिसले. मे महिन्यात साबळे यांनी आशियाई अजिंक्यपद जिंकले आणि जुलैमध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या उडीवर पडून त्यांच्या गुडघ्याला अशी इजा झाली की शस्त्रक्रिया करावी लागली. अशा वेळी नोकरी असलेल्या खेळाडूचे घर चालत राहते. शाळा सोडलेल्या आणि म्हशी विकलेल्या घरातील मुलाला तशीच इजा झाली तर त्याच्या हाती काय उरेल, याचा विचार आपण करावा.

शेताच्या बांधावर ओंडका टाकून आपण त्याच्याकडून उड्या मारून घेता, ते आजच बंद करा. 3000 मीटरच्या या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात, पुरुषांचा अडथळा 91.4 सेंटिमीटर उंच असतो, आणि पाय लागला तरी तो हर्डलसारखा (साध्या अडथळा शर्यतीतील हलक्या चौकटीसारखा) आडवा होत नाही, धावपटूच कोसळतो. म्हणून हे तंत्र कमी उंचीच्या, धक्का लागताच पडणाऱ्या हर्डलवर आणि जाणकार प्रशिक्षकाच्या नजरेखाली, दोन्ही पायांनी आलटून पालटून शिकायचे असते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी तर ही शर्यतच 2000 मीटरची आहे. नडगी बरी झाल्यावर त्याने पुढील दोन वर्षे 800 मीटर, 1500 मीटर आणि क्रॉस कंट्री एवढेच पळावे, शक्यतो माती किंवा गवतावर, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी.

सैन्यभरती, पोलीस, रेल्वे आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील पाच टक्के खेळाडू आरक्षण हे मार्ग आपल्याला ठाऊक असतीलच. मात्र यांतील प्रत्येक ठिकाणी शैक्षणिक पात्रता मागतात. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचून दहाव्या आल्या, आणि पुढे राज्य शासनाने त्यांची उपजिल्हाधिकारी पदावर नेमणूक केली. पदवी नसती, तर ऑलिम्पिकमधील त्या कामगिरीवरही हे पद मिळाले नसते.

खासगी अकादमीऐवजी शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. तेथे निवड चाचणीतून होते आणि शिक्षणही चालू राहते. मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय त्याला कोणत्याही चाचणीला उभे करू नये. दरम्यान दहावीची परीक्षा जवळ येते आहे आणि गणितात तो मागे असल्याचे आपणच लिहिले आहे. पळणे बंद असलेल्या काळातील पहाट त्याने झोपेला द्यावी आणि संध्याकाळ गणिताला.